जोडीदार गेल्यावर घर कुणाचं? लग्नाविना एकत्र राहणाऱ्या मुंबईकरांसाठी

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक जोडपं सतरा वर्षं राहत होतं. गणपतीच्या वर्गणीची पावती दोघांच्या नावाने फाटायची, मजल्यावरची पोरं तिला काकू म्हणायची, आणि त्यांचं लग्न झालेलं नाही हे दोन-तीन घरं सोडली तर कुणाला ठाऊकही नव्हतं. तो एका पहाटे हृदयविकाराने गेला. तेरावं आटोपल्यावर त्याचा भाऊ कोकणातून आला आणि मी सेक्रेटरी होतो म्हणून माझ्यासमोर अर्ज ठेवला: मयताची आई ही एकमेव वारस आहे, फ्लॅट तिच्या नावावर करावा. भाऊ काही खलनायक नव्हता, काकूंशी नीट बोलत होता. आणि अर्ज कायद्याने बरोबर होता. मी नॉमिनेशनची फाईल काढली. त्यात आईचंच नाव, फ्लॅट घेतला त्या वर्षी भरलेलं, पुन्हा कधी न बदललेलं. काकूंकडे दाखवायला होती ती सतरा वर्षांची वीजबिलं, त्यांच्या खात्यातून भरलेली.

मी वकील नाही. सोसायटीचं दफ्तर बरीच वर्षं सांभाळलं, त्यात असे तीन-चार प्रसंग जवळून पाहिले, वकिलांच्या पायऱ्या झिजवल्या. त्यातून कळलेलं क्रमाने मांडतो. जिथे वकील हवाच, तिथे तसं सांगेन.

आधी स्वतःची जागा ओळखा

लग्न न करता एकत्र राहणं गुन्हा नाही, बेकायदाही नाही. पण वारसा हक्काच्या कायद्यात जोडीदार नावाचा वारसच नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गातले वारस म्हणजे मुलं, विधवा पत्नी आणि आई. अविवाहित, मूल नसलेल्या पुरुषाची आई हयात असेल तर सगळं तिचं. वडिलांनाही काही नाही, कारण ते दुसऱ्या वर्गात येतात. आई नसेल तर वडील, मग भाऊ-बहीण. या रांगेत तुम्ही कुठेच नाही, अगदी शेवटीही नाही.

स्त्री गेली तर गणित वेगळं, आणि लोकांना याचा धक्का बसतो. अविवाहित स्त्रीची मालमत्ता आई-वडिलांकडे जाते. पण विधवा, मूल नसलेली स्त्री दुसऱ्या कुणाबरोबर राहत असेल, तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट मृत नवऱ्याच्या वारसांकडे जातो, म्हणजे कधी कधी वीस वर्षांत तोंड न पाहिलेल्या दीर-नणंदेकडे. आई-वडिलांकडून मिळालेली मालमत्ता तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. ज्या बाईची अशी स्थिती असेल तिने हा लेख अर्धवट सोडून आधी मृत्युपत्राचा भाग वाचावा.

तिसरी परिस्थिती सगळ्यांत नाजूक: दोघांपैकी एकाचा घटस्फोट झालेलाच नाही. वेगळं राहून पंचवीस वर्षं झाली, पण कागदोपत्री नवरा-बायको कायम. मग ती दूरची पत्नी किंवा तो दूरचा नवरा पूर्ण वारस असतो.

‘इतकी वर्षं एकत्र राहिलो की लग्नच मानतात’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. त्यात अर्धं तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बद्री प्रसाद खटल्यात पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याबद्दल म्हटलं की दीर्घ सहवासातून विवाहाचं गृहीतक धरता येतं. २०१५ मध्ये धन्नूलाल खटल्यात अशा स्त्रीला त्याच आधारावर वारसा मिळाला. पण हे गृहीतक समोरचा पक्ष खोडू शकतो, आणि ते लागू होण्यासाठी समाजात तुम्ही पती-पत्नी म्हणून वावरलात हे सिद्ध करावं लागतं. तुम्ही मात्र बँकेत, पासपोर्टवर, प्राप्तिकराच्या कागदांवर सगळीकडे ‘अविवाहित’ लिहीत आलात, तर तुमचेच कागद तुमच्याविरुद्ध उभे राहतात. एकाचं लग्न आधीच अस्तित्वात असेल तर हे गृहीतक जवळजवळ निरुपयोगी. समलिंगी जोडप्यांना ते लागूच नाही: ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. थोडक्यात, हा कोर्टात लढायचा शेवटचा मुद्दा आहे. त्याच्या भरवशावर कुणी घर बांधू नये.

मग एक वही घ्या

दोघांनी रविवारी बसून चार रकाने आखा: काय आहे, कुणाच्या नावावर, नॉमिनी कोण, पैसे कुणी भरले. फ्लॅट, बँक खाती, मुदतठेवी, पीपीएफ, पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, म्युच्युअल फंड, डीमॅट, लॉकर, गाडी, गावाकडची जमीन, सोनं. तिसरा रकाना भरताना बहुतेक जण गप्प होतात. पहिल्या नोकरीत लिहिलेलं वडिलांचं नाव तसंच राहिलेलं असतं, वडील जाऊन दहा वर्षं झालेली असतात. चौथा रकाना आता भरा, कारण पुढे त्याच्यावरच भांडणं होतात.

फ्लॅट: नाव कुणाचं, पैसा कुणाचा

सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे खरेदीच्या नोंदणीकृत करारातच दोघांची नावं, आणि हिस्सा आकड्यांत: ५०-५०, ७०-३०, जसं असेल तसं. हिस्सा लिहिला नाही तर कुणी किती पैसे दिले यावर हिस्सा ठरतो, आणि तेही सिद्ध झालं नाही तर समान धरला जातो. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव कुणाचं आणि दुसरं कुणाचं, याचा मालकीच्या हिश्शाशी संबंध नसतो. पहिल्या नावाला मतदानाचा हक्क असतो एवढंच.

आता चौथ्या रकान्याकडे या. तिने हप्ते भरले, फ्लॅट फक्त त्याच्या नावावर. तो गेला. ती म्हणते, पैसे माझे, घर माझं. इथे बेनामी व्यवहार कायदा आडवा येतो. एकाच्या पैशाने दुसऱ्याच्या नावावर घेतलेली मालमत्ता बेनामी ठरू शकते, आणि बेनामी मालमत्ता ‘खरी माझी’ म्हणून दावा लावता येत नाही. कायद्याने पती-पत्नीला यातून सूट दिली आहे. लग्नाविना जोडीदार त्या सुटीत बसत नाही. त्यामुळे तुमचे पैसे त्याच्या फ्लॅटमध्ये जाणार असतील तर दोनच पर्याय: करारात तुमचं नाव, नाहीतर रीतसर कर्जाचा लेखी करार, रक्कम बँकेतूनच आणि व्याज असेल तर तेही लिहून. कर्ज असेल तर मृताच्या वारसांकडून, त्याच्या मालमत्तेतून, ते वसूल करता येतं. ‘प्रेमात कसला कागद’ म्हणणाऱ्याला एवढंच सांगा की गृहकर्ज देणारी बँकही तुमच्यावर विश्वास ठेवते, तरी साठ सह्या घेते.

आता बक्षीसपत्र. ‘आत्ताच तिच्या नावावर करून टाकतो’ असं म्हणणारे बरेच भेटतात. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं अशांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. जोडीदार या यादीत नाही. तिथे विक्रीसारखंच शुल्क, मुंबईत ६ टक्के, आणि नोंदणी फी कमाल ३०,००० रुपये. सव्वा कोटीच्या घरावर साडेसात लाख फक्त शुल्काचे. आणि खरा फटका पुढेच आहे: नातेवाईक नसलेल्याकडून ५०,००० रुपयांहून जास्त किमतीचं काही फुकट मिळालं तर ते घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर प्राप्तिकर लागतो. सव्वा कोटी एका वर्षाचं उत्पन्न म्हणून धरा, कर तीस लाखांच्या वर जातो. हीच मालमत्ता मृत्युपत्राने मिळाली तर मुद्रांक शुल्क नाही आणि प्राप्तिकरही नाही. वारसा करही आपल्याकडे नाही, तो १९८५ मध्येच रद्द झाला. हा एवढा फरक पाहिला की बक्षीसपत्राचा विषय बहुतेक घरांत तिथेच संपतो.

पागडीची खोली

गिरगाव, लालबाग, दादर, परळ. इथे घर म्हणजे मालकी नव्हे, भाडेपावती. आणि पावती मृत्युपत्राने देता येत नाही: सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं की भाडेकरूला आपला भाडेहक्क मृत्युपत्राने कुणाला देता येणार नाही. म्हणजे मृत्युपत्र, जे बाकी सगळीकडे आपला आधार आहे, ते इथे चालत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये तरतूद आहे की भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला सदस्य भाडेकरू होतो, असा सदस्य नसेल तर वारस, आणि वाद झाला तर कोर्ट ठरवतं. ‘कुटुंबातला सदस्य’ यात लग्नाविना जोडीदार येतो का, यावर वकील वाद घालू शकतात. खात्री देता येत नाही. म्हणून पागडीत एकच व्यवहार्य उपाय: भाडेकरू हयात असतानाच मालकाशी बोलून भाडेपावतीवर दुसरं नाव चढवून घेणं. त्यासाठी मालक नजराणा मागणार. हस्तांतराचा मोबदला घ्यायला १९९९ च्या कायद्यात मुभा आहे, आणि चाळीतल्या जुन्या माणसांना त्या त्या गल्लीतला भाव पाठ असतो. घासाघीस करा, पण व्यवहार लेखी आणि पैसे चेकने. तोवर रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आधार, गॅसजोडणी या सगळ्यांवर त्याच खोलीचा पत्ता ठेवा. भाडेहक्काचे खटले धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात चालतात, आणि तिथे हेच कागद बोलतात. चाळ पुनर्विकासात जाणार असेल तर घाई करा: पात्रता यादीत नाव एकदा लागलं की ते बदलून घेणं फार किचकट होऊन बसतं.

नॉमिनेशन: करा, पण त्याच्यावर विसंबू नका

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थेत सभासद कुणालाही नॉमिनी करू शकतो, नातं असलंच पाहिजे असं नाही. फॉर्म तीन प्रतींत भरा, व्यवस्थापक समितीच्या सभेत त्याची नोंद झाली का ते विचारा, आणि पोच असलेली आपली प्रत घरी ठेवा. सेक्रेटरीच्या कपाटातली प्रत हरवू शकते, हे मी सेक्रेटरी म्हणूनच सांगतो.

नॉमिनीला मिळतं काय? सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या १५४ब-१३ या कलमाप्रमाणे सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, खरे वारस किंवा मृत्युपत्राने हक्कदार ठरलेली व्यक्ती सभासद होईपर्यंत. नॉमिनी मालक होत नाही. पण जोडीदारासाठी या तात्पुरत्या सभासदत्वाचं मोल मोठं आहे: सोसायटीच्या वहीत तुमचं नाव येतं, पत्रव्यवहार तुमच्याशी होतो, आणि श्वास घ्यायला वेळ मिळतो.

नॉमिनी म्हणजे विश्वस्त, हे तत्त्व बहुतेक ठिकाणी लागू आहे. विम्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ते १९८३ मध्ये सांगितलं, बँकेबद्दल २०१० मध्ये, आणि शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये. तो शेवटचा खटला तर ‘कालनिर्णय’च्या साळगावकर कुटुंबातला. विम्यात २०१५ पासून एक अपवाद आला: आई-वडील, नवरा-बायको आणि मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच. जोडीदार या अपवादातही नाही. म्हणजे विमा कंपनी चेक तुमच्या नावाने देईल, पण वारस मागायला आले तर ते पैसे त्यांचे, मृत्युपत्रात तुम्हाला दिलेले नसतील तर.

पीएफचं पाणी आणखी वेगळं. सभासदाला ‘कुटुंब’ असेल, म्हणजे पत्नी किंवा पती, मुलं, अवलंबून असलेले आई-वडील, तर बाहेरच्या माणसाचं नॉमिनेशन वैध नाही. घटस्फोट न झालेल्याने जोडीदाराचं नाव टाकलं तरी उपयोग नाही. कुटुंबच नसेल तर कुणालाही नेमता येतं, पण पुढे लग्न झालं की ते नॉमिनेशन आपोआप संपतं. ग्रॅच्युइटीचं तत्त्व साधारण हेच. ज्यांचे आई-वडील अवलंबून आहेत त्यांनी पीएफ आई-वडिलांसाठी समजावा आणि जोडीदारासाठी बाजूला दुसरं काही उभं करावं, पीपीएफ किंवा मुदतठेव.

बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी देता येतात, टक्केवारीसकट. लॉकरला मात्र एकामागून एक अशा क्रमानेच. संयुक्त खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ या पद्धतीचं ठेवलं तर मागे राहणाऱ्याला बँक अडवत नाही. रोजच्या खर्चाला आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांना पुरेल एवढा पैसा अशा खात्यात असावाच. समलिंगी जोडप्यांसाठी: संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही बंदी नाही, हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये लेखी स्पष्ट केलं आहे. काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल तर शांतपणे शाखा व्यवस्थापकाकडे जा.

मृत्युपत्र

आतापर्यंतचं सगळं याच्याभोवतीचं कुंपण होतं. स्वकष्टार्जित मालमत्ता हिंदू माणूस मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो, घटस्फोट झालेला नसला तरीही. एकत्र कुटुंबातल्या मालमत्तेतला स्वतःचा हिस्साही देता येतो. मुस्लिम जोडीदार असेल तर मर्यादा आहे: वारस नसलेल्याला एकतृतीयांशपर्यंतच, त्याहून जास्त द्यायचं तर वारसांची संमती लागते, त्यांच्यासाठी हयातीत ताबा देऊन केलेला हिबा, म्हणजे मुस्लिम कायद्यातलं दान, हा दुसरा मार्ग. पारशी आणि ख्रिस्ती जोडप्यांसाठी एक गंमतीशीर सापळा: मृत्युपत्र केल्यावर लग्न केलंत तर जुनं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, अगदी त्याच जोडीदाराशी लग्न केलं तरी. नवं करावं लागतं.

साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, मराठीत लिहिलेलं पूर्ण वैध. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार, ज्यांनी ती सही होताना पाहिली आणि त्याच्यासमोर स्वतः सह्या केल्या. कायद्याला एवढं पुरतं. पण जोडीदाराच्या नावाचं मृत्युपत्र म्हणजे आव्हान येणार हे धरूनच चालायचं. रक्ताच्या नात्याला वगळलं की न्यायालय ते संशयाने बघतं आणि संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर येते. म्हणून काही गोष्टी जास्तीच्या करा.

साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण आणि सापडण्यासारखे घ्या. पुढे किमान एकाला कोर्टात येऊन सांगावं लागतं. फॅमिली डॉक्टर उत्तम, ऑफिसातला सहकारी चालेल, ज्याला काही मिळणार आहे तो नको. जोडीदाराने त्या दिवशी खोलीतही थांबू नये, मसुदाही त्याने लिहू नये. डॉक्टरांचं त्याच तारखेचं प्रमाणपत्र जोडा की व्यक्ती शुद्धीवर आहे आणि आपण काय करतो हे तिला समजतं. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्या बाबतीत कराच: फोटो, अंगठा आणि तारीख सरकारी दप्तरात राहतात. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर निबंधक घरी येऊ शकतात, तशी सोय आहे.

मजकुरात सगळ्यांत महत्त्वाचा भाग कारणांचा. एका वकीलबाईंनी दिलेल्या धाटणीवर मी लोकांना असं सुचवतो:

‘मी व अमुक गेली सतरा वर्षे एकाच घरात राहत आहोत. आमचा विवाह झालेला नाही. माझ्या आजारपणात व अडचणीत त्यांनी माझी देखभाल केली आहे. माझ्या आईच्या निर्वाहासाठी मी अमुक रुपयांची मुदतठेव स्वतंत्र ठेवली असून ती तिला द्यावी. माझ्या भावाची स्थिती चांगली आहे, त्याच्याबद्दल माझ्या मनात कटुता नाही. हे सर्व विचारात घेऊन माझा फ्लॅट मी अमुक यांना देत आहे.’

आईला काहीतरी वेगळं ठेवलं आहे हे दिसलं की पुढची अर्धी भांडणं उभीच राहत नाहीत. ‘माझी पत्नी’ असं खोटं लिहू नका. समोरचा वकील तिथूनच उकल करायला घेईल.

मुंबईकरांनी एक ओळ न विसरता घालावी: ‘सदर फ्लॅट अथवा पुनर्विकासात त्याच्या बदल्यात मिळणारे घर, पर्यायी जागेचे भाडे व कॉर्पस रक्कम.’ (कॉर्पस म्हणजे पुनर्विकासात बिल्डर सभासदाला देतो ती एकरकमी रक्कम.) मृत्युपत्रात ‘बी विंग, खोली १२’ लिहिलं आणि माणूस गेला तेव्हा त्या जागी बेसमेंटचा खड्डा, असं घडतं. शेवटी ‘इतर सर्व मालमत्ता’ कुणाला ते लिहा. जोडीदार आधी गेला किंवा दोघं एकाच वेळी गेले तर काय, तेही लिहा. आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस, नेमा, जमलं तर जोडीदार सोडून दुसरा.

घर पिढीजात असेल आणि भावंडांचा जीव त्यात अडकला असेल, तर मधला मार्ग आहे: जोडीदाराला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क, नंतर पुतण्या-भाचीला मालकी. सगळ्यांना हे आवडत नाही. पण मी पाहिलेल्या प्रकरणांत एकही खटला न होता निभावलेलं हेच एक.

मूळ प्रत मृताच्या एकट्याच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला मृत्युपत्र हवं आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये, असा प्रकार खरंच होतो.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला. त्याबद्दल जुनी माहिती अजून फिरते आहे. मुंबईतल्या हिंदूंच्या मृत्युपत्राला उच्च न्यायालयाचं प्रोबेट सक्तीचं होतं, ठाण्यात नव्हतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ वगळलं, ती सक्ती गेली. तरी वारस नाराज असतील तर मी प्रोबेट घ्यायचाच सल्ला देईन. सोसायटी, बँक, उद्याचा खरेदीदार, सगळ्यांची तोंडं एका कागदाने बंद होतात. हे काम वकिलाचं.

मुलं असतील तर

मुलाला आईचा वारसा निर्विवाद मिळतो. वडिलांचा मिळण्यासाठी आई-वडिलांचं नातं विवाहासारखं मानलं जावं लागतं. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दीर्घ सहवासातून झालेल्या अपत्याचा हिस्सा मान्य केला. विवाह झाला पण तो कायद्याने शून्य ठरला, तर सप्टेंबर २०२३ च्या निकालाप्रमाणे अपत्याला आई-वडिलांच्या मालमत्तेत, एकत्र कुटुंबातल्या त्यांच्या हिश्शातही, वाटा आहे. पण मुलाला या वादात कशाला लोटायचं? जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव आणि मृत्युपत्रात मुलाचं नाव, दोन्ही असू द्या.

ते घडलं तर: पहिले काही आठवडे

पहिले दिवस कागदाचे नसतात, तरी दोन चुका टाळा. त्याचा फोन उघडा आहे, पिन माहीत आहे, म्हणून यूपीआय किंवा एटीएमने पैसे काढू नका. अंत्यसंस्काराच्या खर्चासाठी काढलेत तरी पुढे हीच गोष्ट पोलीस तक्रारीत येते. आणि नातेवाइकांनी पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर, ‘फक्त औपचारिकता आहे’ म्हटलं तरी, सही करू नका.

महापालिकेच्या विभाग कार्यालयातून मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या. घरातल्या मूळ कागदांचे फोटो काढून ठेवा. सोसायटीला लेखी पत्र द्या: नॉमिनी आहात की मृत्युपत्राने हक्कदार, प्रत जोडा, पोच घ्या. सोबत लिहा की तुम्हाला कळवल्याशिवाय हस्तांतर करू नये. बँकेत नॉमिनी म्हणून अर्ज द्या. वारस उच्च न्यायालयात प्रशासनपत्र, म्हणजे मृताची मालमत्ता ताब्यात घेऊन वाटण्याचा अधिकार, मागतील अशी शंका असेल तर तिथे आधीच कॅव्हेट दाखल करून ठेवा, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय आदेश होत नाही.

कुणी कुलूप बदललं तर? राहत्या घरातून कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढलेल्या व्यक्तीला सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्याचा दावा लावता येतो, मालकी कुणाची हा प्रश्न तिथे निघत नाही. सहा महिने, एक दिवसही जास्त नाही. स्त्री जोडीदाराला आणखी एक दार आहे: कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ विवाहासारख्या नात्यातल्या स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो. तो मालकी देत नाही, डोक्यावर छप्पर देतो. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो.

मृत्युपत्रच नसेल तर

मग वारसांच्या मनावर आहे. ते राजी असले तरी ‘हक्कसोडपत्र करून देतो’ या बोलण्याला भुलू नका. हक्कसोडपत्र सहमालकांमध्ये चालतं. तुमचं नाव करारात नसेल तर त्यांना आधी स्वतःच्या नावावर घेऊन मग तुम्हाला बक्षीसपत्र द्यावं लागेल, आणि वर सांगितलेले ६ टक्के आणि प्राप्तिकर पुन्हा दारात. त्यापेक्षा वारसाने, समजा आईने, तुमच्या नावे मृत्युपत्र करावं हे स्वस्त पडतं, पण ते ती उद्या बदलू शकते.

काकूंच्या बाबतीत आई मायाळू निघाली, पण भावाला आणि बहिणीला दुखवायची तिची तयारी नव्हती. शेवटी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार झाला, भाडं नाममात्र. ज्या घराचे पडदे त्यांनी निवडले, त्याच घरात त्या आता लायसन्सवर राहतात. दर अकरा महिन्यांनी नव्या कराराची प्रत द्यायला सोसायटीच्या ऑफिसात येतात, मी पोच देतो, आणि आम्ही पाण्याच्या दाबाबद्दल बोलतो.